सव्वाशे किलोचा कॅमेरा, पाच पुड्या आणि कोलशेत ते कल्याण

एप्रिलमध्ये शहाणी माणसं हिमाचलला जातात. मी कळव्याला गेले. तिथून कोपर, आणि तिथून कल्याण. तीन दिवस, एक टेम्पो, सोबत चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील आणि त्यांचा सव्वाशे किलोचा कॅमेरा. ज्यांना माझ्या मागच्या पोस्टमधला बर्फ आवडला होता त्यांनी इथेच थांबलेलं बरं. या प्रवासात बर्फ फक्त उसाच्या रसात होता, आणि तोही मी पोटाच्या भीतीने काढून टाकायला लावला.

आधी कॅमेऱ्याबद्दल, कारण वाटेत प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. बाबा ठाण्यातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं कॅमेरामन होते. हे ऐकलं की लोकांना सिनेमा आठवतो, आणि बाबा त्यांना त्या गैरसमजात थोडा वेळ राहू देतात. प्रत्यक्षात ते बिस्किटांच्या वेष्टनांचे, खोकल्याच्या औषधांच्या लेबलांचे आणि कॅलेंडरवरच्या देवांचे फोटो काढायचे. छपाईची प्लेट बनवायची तर चित्राची निगेटिव्ह लागायची, आणि ती काढणारा कॅमेरा कपाटाएवढा असायचा. मग कॉम्प्युटर आले, कॅमेरा भंगारात निघाला आणि बाबांनी तो भंगाराच्या भावाने उचलला. आईला त्या वर्षी मोठा फ्रिज हवा होता. आकाराच्या बाबतीत तिची अपेक्षा पूर्ण झाली.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, हास्यक्लबात जातात. बाबांनी त्या कपाटाचा झटपट फोटोचा कॅमेरा केला. वाढदिवसाला हल्ली तो छोटा कॅमेरा फिरतो ना, बटण दाबलं की चौकोनी फोटो बाहेर येतो, तेच तत्त्व. फरक इतकाच की यातून बाहेर येणारा फोटो वीस इंच बाय चोवीस इंच असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या पानापेक्षा मोठा. आत एक निगेटिव्हचा रोल, एक कागदाचा रोल, आणि दोन्हींच्या मध्ये रसायनाची एक लांबलचक पुडी. फोटो घेतला की हँडल फिरवायचं, दोन लोखंडी रोलरांमध्ये पुडी फुटते, आतला लगदा दोन्ही कागदांमध्ये पसरतो, आणि ते सँडविच खालून बाहेर येतं. कापायचं, मिनिटभर थांबायचं, सोलायचं. झाला फोटो. कृष्णधवल, एकच, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठे नाही. ते रोलर वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने बनवून दिलेत. त्याच्या हातात उसाच्या चरकाचं काम होतं, त्यामुळे दिसायलाही ते तसेच झालेत.

हा माल आता कुठेही बनत नाही. परदेशातल्या एका माणसाकडे असलाच कॅमेरा होता. त्याने धंदा गुंडाळताना उरलेले रोल आणि पुड्या बाबांना पाठवल्या, बहुतेक जगात आपल्यासारखा दुसरा वेडा सापडल्याच्या आनंदात. रोल अजून बरेच आहेत. पुड्या वाळत जातात. या एप्रिलमध्ये दाबून पाहिल्यावर मऊ लागणाऱ्या पाचच उरल्या होत्या.

आणि त्यातली एक आईची. हे बाबांनी आधीच जाहीर केलं होतं. आईचा एकही धड फोटो नाही. आमच्या अल्बममध्ये ती सगळीकडे आहे, पण प्रत्येक फोटोत ती कोणाला तरी वाढते आहे. चेहरा खाली, हातात पळी. ज्या माणसाने अडतीस वर्षं खोकल्याच्या औषधाची बाटली केसाच्या टोकाएवढीही न हलवता टिपली, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोचा समोरून काढलेला एक फोटो नाही. हे बाबांना सत्तरीनंतर लागायला लागलं. फार लवकर लक्षात आलं म्हणायचं.

आईचं म्हणणं अगदी सरळ आहे. तिने ते मला फोनवर सांगितलं, बाबा शेजारी ऐकत असताना. "एवढा मोठा एकटीचा फोटो कधी लावतात, माहितेय ना? मला घाई नाहीये."

आपल्याकडे नियमच आहे. जिवंत माणसाचा फोटो पोस्टकार्डाएवढा, मोबाईलमध्ये नाहीतर अल्बममध्ये. भिंतीवर, चौकटीत, एकट्याचा, दीड-दोन फुटी फोटो म्हणजे खाली उदबत्ती आणि वर हार. बाबांच्या कॅमेऱ्याला लहान फोटो काढता येत नाही. म्हणजे तो कॅमेरा थेट तेराव्याच्याच मापाचा.

प्रवासाचं कारण मात्र आई नव्हती. कोलशेतच्या ज्या गाळ्यात कॅमेरा ठेवला होता, तो महिनाअखेर खाली करून द्यायचा होता. कल्याणच्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोपरा देऊ केला. कॅमेरा एकदा तिथे गेला की पुन्हा हलणार नाही, कारण हलवणारे आम्ही दोघं, आणि आमच्या दोघांचे मिळून तीन गुडघे चालतात. तेव्हा बाबांनी ठरवलं की जाता जाता वाटेत ज्यांना शब्द दिलाय त्यांचे फोटो काढायचे. मी म्हटलं, चला, रजा आहेच, मनाली काय पळून जात नाही. पळून गेली.

पहिला दिवस: कोलशेत ते कळवा

टेम्पो शकीलभाईंचा. तीन दिवसांचे नऊ हजार, डिझेल वेगळं, चहा आपला. कोलशेतला कोणी फिरायला जात असेल तर सकाळी आठच्या आत जा. त्यानंतर टॉवरमधल्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात आणि मग निसर्ग म्हणून फक्त पुढच्या गाडीचा मागचा भाग बघायला मिळतो. खाडीकडून वारा येत होता. चार हमालांनी कॅमेरा चढवला, गादीवर उभा केला, दोरांनी बांधला. शकीलभाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"अंकल, हा फ्रिज आहे का देव्हारा?"

"कॅमेरा आहे," बाबा म्हणाले.

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पुढे तीन दिवस तो विषय काढला नाही, पण गाडी मात्र बाळंतिणीला घेऊन निघाल्यासारखी चालवली.

कळव्याला पाटणकरकाका राहतात. ते बाबांच्याच छापखान्यात प्लेटा बनवायचे. बाबांनी निगेटिव्ह काढायची आणि पाटणकरकाकांनी त्यात चुका काढायच्या, अशी तीस वर्षांची मैत्री. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सावलीत फोटो काढायचं ठरलं होतं. सावली होती, पार्किंग होतं, आणि सेक्रेटरीही होते.

"असं कमर्शियल शूटिंग करता येणार नाही. कमिटीला अर्ज द्यावा लागतो."

"कमर्शियल कुठलं, मी मेंबर आहे," पाटणकरकाका म्हणाले.

"मेंबरचं वेगळं. या मशीनचं काय?"

मशीनसाठी अर्ज लिहिला. गंमत करत नाहीये, खरंच लिहिला. माझ्या वहीतल्या पानावर, 'विषय: एक नग कॅमेरा तात्पुरता उभा करणेबाबत'. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मग खुर्ची मागवून प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसले.

पाटणकरकाकू खाली आल्या त्या नेसूनसवरून, अंबाड्यावर गजरा. बाबांनी सहज विचारलं, "वहिनी, आधी तुमचा एकटीचा घेऊ?" काकू दोन पावलं मागे सरकल्या. "एकटीचा कशाला? मी अजून आहे." मग दोघं शेजारी बसले. पाहिलंत, नियम फक्त आमच्या घरचा नाही.

फोटो काढायची बाबांची पद्धत सांगते, कारण ती कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत. या कॅमेऱ्याला बटण नाही. भिंगावर टोपी आहे. मागे काळ्या कापडात डोकं घालून काचेवर चित्र जुळवायचं. ते उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. माणूस दोन बोटं जरी पुढे झुकला तरी डोळे धूसर. म्हणून बाबा कॅमेऱ्याला बांधलेली सुतळी माणसाच्या कपाळापर्यंत ताणतात, गाठ टेकवतात आणि सांगतात, "आता इथून हलायचं नाही." मग टोपी काढायची, मोठ्याने "एक, दोन" म्हणायचं, टोपी लावायची. एवढ्या सगळ्या विज्ञानाचा शेवट त्या दोन आकड्यांवर.

हँडल मी फिरवते. ते एका लयीत फिरवावं लागतं. मध्ये थांबलं की फोटोवर आडवी रेघ उठते. कळव्याला मी थांबले नाही. बाबांनी कागद कापला, मिनिटभर घड्याळ पाहिलं आणि एका कोपऱ्यापासून सोलायला सुरुवात केली. आधी दोघांचे पाय आले, मग गुडघ्यावरचे हात, मग चेहरे. सेक्रेटरी खुर्चीतून उठून पुढे आले. पाटणकरकाकांच्या गालावरचा देवीचा एकेक व्रण दिसत होता, काकूंच्या गजऱ्यातली कळी मोजता आली असती.

"बापरे, मी एवढी म्हातारी झाले?" काकू म्हणाल्या.

"कॅमेरा चांगला आहे," पाटणकरकाका म्हणाले, आणि दिवसभरात तेवढंच एक वाक्य ते बिनचूक बोलले.

"आता याची एक कॉपी पुण्याला यांच्या मुलाला आणि एक आमच्या नोटीस बोर्डाला," सेक्रेटरी म्हणाले. कॉपी निघत नाही हे त्यांना समजावायला सोलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुड्या राहिल्या चार.

जेवण आणि मुक्काम काकूंकडे. ताटात वालाचं बिरडं, भात, सोलकढी. कळव्याला जाणार असाल तर असे काका-काकू आधी जमवा.

दुसरा दिवस: कोपर

कोपर म्हणजे डोंबिवलीचंच एक टोक. कळव्याहून तिथे रस्त्याने जायचं म्हणजे मुंब्र्यावरून शिळफाटा आणि तिथून कल्याण रोड. नकाशा म्हणतो पाऊण तास. नकाशा बनवणारा बहुधा रविवारी पहाटे गेलेला. आम्हाला अडीच तास लागले. शिळफाट्याला इतका वेळ उभे होतो की शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरशी घरोबा झाला. त्याच्या मुलीची दहावी झाली आहे आणि तिला सायन्स घ्यायचं नाहीये. पुढे मेट्रोचे खांब, खांबांभोवती पत्रे, पत्र्यांवर 'आपल्या सुविधेसाठी'. सुविधा खड्ड्यांत होती आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा मागे वळून कॅमेऱ्याकडे बघत होते. अशी काळजी घेऊन कोणी माझ्याकडे मागे वळून पाहिल्याचं मला आठवत नाही.

कोपरला आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते जुने, मूळचे इथले. आजोबांचं मिठागर, वडिलांची भातशेती, आणि आता चार भावांचे चार टॉवर. मधोमध मात्र जुना बंगला ठेवलाय, कारण त्यांची आई लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका बाबांच्या छापखान्यातून गेलेल्या. मोठा भाऊ, बाळाशेठ, अंगणात उभाच होता. गळ्यात साखळी, हातात दोन फोन.

"आरं, यो कवरा मोठा हाय," त्याने कॅमेऱ्याला हात लावून म्हटलं. "याच्यात तं आख्खा घर मावंल."

मावायचंच होतं. आईला मधे बसवून चार भाऊ, चार सुना, पोरं, नातवंडं, मिळून एकतीस माणसं. एकतीस जणांना सुतळी कशी लावणार? बाबांनी अंगणात खडूने रेघ मारली आणि सगळ्यांना तिच्यावर बसवलं, मागचे उभे. एक, दोन, टोपी. सुनांनी श्वास धरला होता, पोरांनी नाही. मी हँडल फिरवलं, बाबांनी सोललं आणि फोटो आला. नुसता आला नाही, फार सुरेख आला. पुढे बसलेल्या म्हातारीच्या नऊवारीची घडी न् घडी होती, तिच्या पायातल्या जोडव्यांसकट. बाबांनी फोटो वाळायला टेबलावर आडवा ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "अर्धा तास कोणी हात लावायचा नाही."

हात कोणी लावला नाही. बोट लावलं. घरात नवी गाडी आली, नवा टीव्ही आला, नवी सून आली की आधी काय करतात? म्हातारी आतून कुंकवाची वाटी घेऊन आली, आम्ही चहा पीत असताना, आणि तिने फोटोतल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला, शिवाय थोरला म्हणून बाळाशेठलाही, मनापासून कुंकू लावलं. वरचा थर अजून ओला, साईसारखा. कुंकू त्यात विरघळलं आणि खाली ओघळलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत तेवढा एकच रंग, आणि बाळाशेठच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल ओघळ. कोणीतरी डोक्यात दगड घातल्यासारखा दिसत होता.

सुना तोंडावर पदर घेऊन आत पळाल्या. हसायला की घाबरून, ते मला कळलं नाही. मी स्वतः हसायलाच पळाले होते.

"माय, काय केलंस यो?" बाळाशेठ म्हणाला.

"चांगलाच केला. नवी वस्तू हाय," म्हातारी म्हणाली. मग तिने चष्मा वर करून फोटो नीट पाहिला, बाळाशेठकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "यो नको. यो घरात नको ठेवू. दुसरा कारा."

बाबांना नाही म्हणता येत नाही, आणि रडवेल्या म्हातारीला तर कोणालाच येत नाही. दुसरी पुडी फुटली. या वेळी फोटो वाळेपर्यंत बाळाशेठ स्वतः टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला आणि आईला त्याने बंगल्याच्या पार मागच्या पडवीत नेऊन बसवलं.

मग पुढचा पेच. फोटो एक, भाऊ चार. कॉपी नाही, हे बाबांनी पुन्हा समजावलं. थोरल्याने ठेवायचा की धाकट्याने, बंगल्यात की टॉवरमध्ये, यावर आवाज चढायला लागले. जागेच्या वाटण्या शांतपणे झालेल्या म्हणे. फोटोवरून मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचा हिशोब निघाला. शेवटी निकाल म्हातारीनेच दिला, मागच्या पडवीतून ओरडून. त्यांच्याकडे गणपती दर वर्षी एका भावाकडे बसतो. ज्याच्याकडे गणपती, त्याच्याकडे वर्षभर फोटो. इतका साधा कायदा इतक्या कमी वेळात केलेला मी पाहिला नव्हता. लाल फोटो त्यांनी आम्हालाच देऊन टाकला, घरात नको म्हणून, आणि मी तो गुंडाळून घेतला.

पुड्या राहिल्या दोन. टेम्पोत बसताना बाबा म्हणाले, "दोन पुरेत. एक मास्तरांची, एक तिची." आवाज मात्र पुरेत म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

मुक्काम डोंबिवलीला, आईबाबांच्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून कॅमेरा खाली टेम्पोत झोपला आणि शकीलभाई त्याच्याजवळ. आईने जेवायला वाढलं. बाबा ताटावर बसून म्हणाले, "अगं, उद्या येतेस का कल्याणला? मास्तरांच्या शेडमध्ये उजेड फार छान आहे."

"उजेड इथेही आहे."

"फोटोसाठी गं."

"मी सांगितलंय ना एकदा. पोळी देऊ?"

बाबांनी पोळी घेतली. मला त्या दोघांचाही राग आला. एकाला मागता येत नाही, दुसरीला देता येत नाही, आणि मधे मी, भाजी कालवत. डोंबिवलीत पावलापावलावर पोळीभाजी केंद्रं आहेत. त्या दिवशी तिथे जेवले असते तर बरं झालं असतं.

तिसरा दिवस: कल्याण

मास्तरांची शेड खाडीच्या बाजूला, जुन्या कल्याणात. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो आत गेल्यावर आरसे मिटावे लागले. मास्तर सत्तरीचे, पायजमा आणि बिनबाह्यांची बंडी, शिष्टाचार मात्र पुरेपूर. "यावे, यावे. आपल्या यंत्राची मी आतुरतेने वाट पाहत होतो." पत्र्यात त्यांनी एका बाजूला पांढरं प्लास्टिक बसवलंय, त्यातून उजेड येतो आणि तो खरंच छान होता. उन्हाने शेड तव्यासारखी तापलेली. नाक्यावरच्या हमालांनी कॅमेरा उतरवला, चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या. हे त्याचं शेवटचं स्टेशन.

मास्तरांना स्वतःचा फोटो नको होता. त्यांना त्यांच्या चित्रांच्या टेबलाचा हवा होता: ब्रश, बाटल्या, तुटकी पेन्सिल. बाबांना निर्जीव वस्तू म्हटल्यावर माहेरी आल्यासारखं झालं. तासभर त्यांनी बाटल्या सरकवल्या. एक, दोन, टोपी. मी हँडल फिरवलं, आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं, मधेच कोरडं, खरखरीत. बाबांनी सोललं. कडेला दोन ब्रश दिसत होते. बाकी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आणि पांढरा कागद. पुडी अर्धीअधिक वाळलेली होती.

"अप्रतिम," मास्तर म्हणाले. ते खरंच तसं म्हणाले. ड्रॉइंगच्या लोकांना कशातही काहीतरी दिसतं.

बाबांनी शेवटची पुडी हातात घेतली आणि बोटांनी दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग पुन्हा. "हीसुद्धा पुढच्या महिन्यापर्यंत राहणार नाही," ते म्हणाले. ते एका रंगाच्या डब्यावर बसले. मी आईला फोन लावायला बाहेर गेले, आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून आई उतरत होती. हातात डबा.

"तुम्ही दोघं बाहेरचं खाल आणि आजारी पडाल, म्हणून आले," ती म्हणाली. डोंबिवलीहून कल्याणला, एप्रिलच्या उन्हात, मुगाची उसळ घेऊन. साडी मात्र उसळीची नव्हती. ठेवणीतली नारायणपेठ होती.

मी साडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझ्या आयुष्यातल्या थोड्या शहाण्या निर्णयांपैकी तो एक. आईने शेड पाहिली, मास्तरांना नमस्कार केला, वाया गेलेला फोटो पाहिला आणि रंगाच्या डब्यावर बसलेल्या बाबांना पाहिलं.

"किती राहिल्या?"

"एक."

"मग काढा. पण मी एकटी बसणार नाही. तुम्ही शेजारी बसा."

बाबा उठून उभेच राहिले. "मी बसलो तर काढणार कोण?"

"ही आहे ना. नाहीतरी तीन दिवस तुमच्याबरोबर उन्हात फिरतेच आहे."

"अगं, मला तुझा हवाय. माझा काय करायचाय? मी आरशात रोज बघतो."

"मला नाही हवा एकटीचा," आई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "भिंतीवर एकटं बसायचं, आणि समोर तुम्ही एकटे जेवताय ते बघायचं. कशाला?"

मास्तर अचानक चहा करायला निघून गेले. बाबांनी दुसरी खुर्ची आणून तिच्या उजव्या बाजूला ठेवली. सुतळी आधी त्यांनी तिच्या कपाळाला टेकवली, गाठ कुंकवाच्या जरा वर, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवली. मग मला काळ्या कापडात पाठवलं. काचेवर आईबाबा दोघं उलटे लटकत होते आणि बाबा तोंड न हलवता सूचना देत होते. आई म्हणाली, "गप्प बसा आता." मी टोपी काढली. एक, दोन. टोपी लावली.

हँडल फिरवताना मला कळलं होतं. एका बाजूने ते मऊ चाललं होतं, दुसऱ्या बाजूने कोरडं. मी थांबले नाही, कारण थांबून काहीच होणार नव्हतं. बाबांनी कापलं. मिनिट मोजलं. सोललं.

उजवीकडे आई होती. पूर्ण. पदराचे काठ, कानाच्या पाळीवरची सुरकुती, समोर बघणारे डोळे, आणि ओठांवर 'गप्प बसा' म्हटल्यानंतरचं उरलेलं हसू. मी चाळीस वर्षं तिला पाहतेय आणि मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. डावीकडे तपकिरी पट्टा, आणि त्याच्या पलीकडे नुसता पांढरा कागद. बाबा जिथे बसले होते तिथे काही नव्हतं. खुर्चीसुद्धा नाही.

बाबा फोटोवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हवं ते नेमकं मिळालं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

"ठरवून केलंत," आई म्हणाली.

"पुडीने केलं."

"तुमचीच पुडी."

उसळ आम्ही चौघांनी खाल्ली, शकीलभाई धरून पाच. ती मात्र उत्तम झाली होती.

घरी

तर हिशोब असा: तीन दिवस, पाच पुड्या, एक लाल बाळाशेठ, दोन ब्रश. तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर करता येणार नाही, कारण कॅमेरा आता कल्याणला पाचरींवर उभा आहे आणि त्यात घालायला एकही पुडी उरलेली नाही. शिळफाटा मात्र आहे तसाच आहे, तो कधीही बघून या.

पुढच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. आईचा फोटो कुठे असेल याचा मी अंदाज बांधत गेले होते: कपाटाच्या मागे, गादीखाली, फार तर माळ्यावर. तो जेवणाच्या टेबलावर आडवा पडला होता, आणि आई त्याच्यावर वाकली होती. हातात डिंकाची बाटली.

तिने बाबांचा एक पासपोर्ट साइज फोटो घेतला होता, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेल्यातला, निळ्या पार्श्वभूमीचा, ज्यात बाबा पकडलेल्या चोरासारखे दिसतात. आणि तो तिने पांढऱ्या भागात, आपल्या शेजारी, चिकटवून टाकला होता. वीस बाय चोवीसच्या, जगात एकच असलेल्या, शेवटच्या पुडीच्या फोटोवर. घरच्या डिंकाने. लहानपणी फोटोच्या कडेपासून बोट आत गेलं तर आम्हाला हातावर फटका मिळायचा.

बाबा बाथरूममधून टॉवेलने तोंड पुसत आले. मी श्वास धरला, कोपरच्या सुनांसारखा. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आता लावा भिंतीवर," आई म्हणाली. "आता दोघं आहोत."

बाबांनी चष्मा लावला आणि खाली वाकून, छापखान्यात लेबल तपासायचे तसं तपासलं. "एक सूत तिरका बसलाय," ते म्हणाले. डिंक अजून ओला होता. त्यांनी नखाने तो फोटो अलगद सरळ केला, आणि सरळ करता करता जरासा तिच्या बाजूला सरकवला.